अकराचा थेंब

१

माझा धंदा रफूचा. कोटाला पडलेलं भोक, स्वेटरचं विरलेलं कोपर, इस्त्रीने जळालेली पँट, हे सगळं माझ्याकडे येतं आणि जाताना कुठे काय झालं होतं ते मालकालाही सापडत नाही. माझ्या वडिलांनी मला सुई हातात देताना पहिली तंबी दिली होती ती पापण्यांची. चार धागे उचलून होईपर्यंत पापणी लववायची नाही, लवली की धागा हरवतो. चाळीस वर्षं मी त्यांचं ऐकलं.

मोतीबिंदूचं ऑपरेशन दोन्ही डोळ्यांचं झालं, एका महिन्याच्या अंतराने. दिसायला लागलं ते इतकं लख्ख की बायकोच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या मी मोजून दाखवल्या आणि दिवसभर अबोला ओढवून घेतला. पण तिसऱ्या आठवड्यापासून डोळ्यांत वाळू फिरायला लागली. सकाळी पापण्या बुबुळाला चिकटलेल्या असायच्या, ओढून उघडाव्या लागायच्या. डॉक्टरीणबाईंनी खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी अडकवून पाच मिनिटं बसवलं. पट्टी किती भिजते ते बघायचं असतं. निदान दहा मिलिमीटर हवी होती. माझी उजवीकडे तीन भिजली, डावीकडे दोन.

"तुमच्या डोळ्यांत पाणीच नाही," त्या म्हणाल्या. "हे आधीपासूनचं असणार. ऑपरेशनने फक्त उघडं पाडलं."

"हे मी लग्नापासून सांगतेय," बायको म्हणाली. डॉक्टरीणबाई हसल्या. मीही हसलो.

दर दोन तासांनी थेंब ठरले. थेंब पडला की डोळे मिटायचे, नाकाजवळच्या कोपऱ्यांवर दोन बोटं दाबून धरायची आणि पाच मिनिटं हलायचं नाही. अकरा वाजताचा थेंब जेलचा होता. तो घट्ट असतो आणि त्यानंतर बराच वेळ सगळं दुधातून बघितल्यासारखं दिसतं. मला स्वतःला थेंब घालता येईना. गालावर पडायचा, कानात जायचा, एकदा तर तोंडात गेला. म्हणून ते काम बायकोकडे आलं.

"वर बघा. वर म्हणजे छताकडे, माझ्याकडे नव्हे. मिटा. उघडाल तर याद राखा."

मग ती स्वयंपाकघरातला टायमर पिळून टेबलावर ठेवायची आणि रफू झालेल्या कपड्यांची पिशवी घेऊन कोपऱ्यावरच्या लाँड्रीत द्यायला निघायची. दारातून म्हणायची, "येते हं."

मी डोळे मिटलेले ठेवून म्हणायचो, "ये."

आम्हाला मूलबाळ नाही. एकतीस वर्षं या घरात आम्ही दोघंच. पुढची खोली दुकानाची, मागे एक खोली आणि स्वयंपाकघर. ती गेली तर मला माझे डोळेसुद्धा ओले करता येणार नाहीत, असं मी तेव्हा गमतीने म्हणायचो.

२

एका सकाळी तिने जेल घातलं, टायमर पिळला, "येते हं" म्हणाली. मी "ये" म्हणालो. दाराजवळची एक फरशी सुटलेली आहे, पाय पडला की टक् वाजते. ती वाजली. दार ओढल्याचा आवाज आला, लॅच बसलं.

टायमर टिकटिकत होता. मी लाँड्रीच्या एका राखाडी कोटाचा विचार करत होतो. त्याचा धागा कुठून काढावा, शिवणीतून की खिशाच्या आतून. इतक्यात दारातून आवाज आला.

"येते."

काहीतरी विसरली असेल, परत येऊन निघाली असेल. मी म्हणालो, "अगं, ये ये."

पंधरा मिनिटांनी ती परत आली तेव्हा मी विचारलं, "काय विसरली होतीस?"

"मी? काही नाही."

"मग परत कशाला आलीस?"

"मी कुठे परत आले? लाँड्रीवाल्याशी बोलत उभी होते. त्याच्या मुलीचं लग्न ठरलंय." तिने पिशवी खुंटीला अडकवली. "डोळे झाले, आता कान दाखवून घ्या."

तेवढ्यावर विषय संपला. पण कोट हातात घेतल्यावर एक गोष्ट माझ्या मनातून जाईना. दुसऱ्यांदा "येते" ऐकू आलं तेव्हा आधी लॅच उघडल्याचा आवाज आला नव्हता. नंतर बंद झाल्याचाही नाही.

३

मी घाबरट माणूस नाही. डोळे मिटले की कान वाजवीपेक्षा जास्त काम करतात, हे कुणीही सांगेल. शेजारच्या घराची भिंत आमच्या भिंतीला लागून आहे. तिथली बाईही बाहेर जाताना काहीतरी बोलत असेल. शिवाय खुर्चीत मान मागे टाकून पाच मिनिटं बसलं की डोळा लागतो, आणि अर्धवट झोपेत माणूस काय वाटेल ते ऐकतो.

पण हे रोज व्हायला लागलं, आणि फक्त अकरा वाजता. नऊच्या, एकच्या, तीनच्या थेंबाला काही नाही, कारण तेव्हा बायको घरात असायची. ती गेली, लॅच बसलं, की दोनेक मिनिटांनी ते यायचं. एकच शब्द. आवाज जवळजवळ हिचाच होता. फरक इतकाच की त्यात ओलावा नव्हता. फार वेळ पाणी न प्यायलेल्या माणसाची जीभ टाळूला चिकटते, तसं "ते" म्हणताना काहीतरी सुटायचं.

आणि मी दर वेळी "ये" म्हणायचो. सवयीचा गुलाम आहे मी. कुणी "येते" म्हटलं की माझ्या तोंडून आपसूक "ये" निघतं, मग समोर पोस्टमन असो की गिऱ्हाईक.

पाचव्या दिवशी ती सुटलेली फरशी वाजली. बायको जाऊन दोन मिनिटं झाली होती, दार बंद होतं, आणि फरशी आतल्या बाजूने टक् वाजली. सातव्या दिवशी कात्र्यांचा खण थरथरला. तो टेबलाला धक्का लागला तरच थरथरतो. नवव्या दिवशी वेताचं स्टूल कुरकुरलं. ते स्टूल माझ्या खुर्चीपासून हातभर अंतरावर असतं, गिऱ्हाइकाने बसावं म्हणून.

जेवताना मी बायकोला सहज विचारल्यासारखं विचारलं, "तू गेल्यावर घरात कुणी येतं का गं?"

"सवत आणलीत की काय?" ती म्हणाली. "आणा बाई. तिला थेंब घालायला शिकवते आणि मी सुटते."

मी घास तोंडातच घोळवत राहिलो. तिने पाण्याचा पेला पुढे सरकवला आणि माझ्याकडे बघत राहिली.

४

स्टूल कुरकुरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मला तो आवाज ओळखता आला.

स्टुलावरून येत होता. फार बारीक, थांबून थांबून. चिकट कागद हळूच सोलावा तसा. मला तो कुठेतरी माहीत होता आणि आठवत नव्हता. मग आठवलं. रोज सकाळी जाग आल्यावर मी तोच आवाज ऐकतो, स्वतःच्या डोक्याच्या आतून. कोरडी पापणी बुबुळावरून सुटते तेव्हा तो होतो. माझे डोळे तर मिटलेले होते, वर बोटं दाबलेली होती.

कुणीतरी माझ्या शेजारी बसून माझ्याकडे बघत होतं, आणि मधूनच पापणीची उघडझाप करत होतं.

त्या दिवशी "येते" हा शब्द माझ्या कानाजवळून आला. मी नेहमीप्रमाणे तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. कारण मला पहिल्यांदाच तो शब्द नीट ऐकू आला. घरातून निघणारं माणूस जाते म्हणत नाही, येते म्हणतं. म्हणून इतके दिवस मी धरून चाललो होतो की जे कोण आहे ते रोज निरोप घेऊन जातंय. पण जाणारी पावलं मी एकदाही ऐकली नव्हती. फरशी, मग खण, मग स्टूल. ते जात नव्हतंच. जे म्हणत होतं तेच करत होतं. येत होतं. आणि विचारून येत होतं, आणि मी रोज खुर्चीत आरामात पडून त्याला ये म्हणत होतो.

टायमर वाजला तेव्हा स्टूल रिकामं होतं. वेताची बैठक मात्र जराशी खोलगट दिसत होती. ती तशी आधीपासूनच असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

५

दुसऱ्या दिवशी मी ठरवून डोळे उघडले.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की थेंब वाया घालवू नका, कोरड्या बुबुळावरची साल निघाली आणि व्रण राहिला तर सुईचं काम विसरा. तरीही उघडले. जेलमुळे सगळी खोली पांढरट आणि वितळलेली होती. खिडकीचा उजेड, टेबलाचा काळा पट्टा. स्टुलावर निळसर काहीतरी होतं.

बायको निळं स्वेटर घालून गेली होती. त्याचं उजवं कोपर मी गेल्या हिवाळ्यात रफू केलं होतं, त्याच स्वेटरच्या आतल्या शिवणीतले धागे काढून. ते काम मला सोडून जगात कुणालाही दिसणार नाही. समोरच्या निळ्या आकाराने हात दुमडलेला होता आणि कोपर माझ्याकडे होतं. तिथे, त्या दुधातही स्पष्ट दिसेल असं, भोक होतं. माझ्या रफूच्याच मापाचं. कडांचे धागे लोंबत होते, आणि भोकाच्या आत जे असायला हवं ते, म्हणजे हाताची कातडी, ते मला दिसलं नाही.

त्याहून वर, चेहऱ्याकडे, मी बघितलं नाही. डोळे घट्ट मिटून घेतले.

बायको परत आल्याबरोबर मी तिचा हात धरला, खिडकीशी ओढत नेलं, भिंग लावलं. रफू जागेवर होतं. एकही धागा हललेला नव्हता. मी ते पुन्हा पुन्हा चाचपत होतो.

"अहो, दुखतंय," ती म्हणाली. "काय झालंय तुम्हाला? मला सांगाल का?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण ती दिवसाचे कितीतरी तास मागच्या खोलीत एकटी वावरते. तिला घाबरवून काय मिळणार, असा मी विचार केला. खरं सांगायचं तर मलाच बोलायची भीती वाटली. एकदा बोललो असतो तर मग ते माझ्या कानांचं आणि जेलचं राहिलं नसतं. त्याऐवजी मी रात्रीपर्यंत एक युक्ती शोधून काढली, आणि मला ती फार हुशारीची वाटली.

६

"आजपासून निघताना येते म्हणायचं नाही," मी सकाळी तिला सांगितलं.

"का?"

"नाही म्हणायचं, बस. एक शब्द बोलायचा नाही. थेंब घाल आणि गुपचूप जा."

"मग काय जाते म्हणू?"

"काहीच म्हणू नकोस! थेंब घातल्यावर मला तुझा आवाज नको आहे."

अकरा वाजता तिने जेल घातलं. थेंब बरोबर मधोमध पडला. टायमर पिळला. फरशी वाजली, दार ओढलं गेलं, लॅच बसलं. तिने माझं अक्षरशः ऐकलं होतं. आता जो आवाज येईल तो तिचा नसणार, इतकं साधं होतं.

मी वाट बघत राहिलो. माझ्या छातीची धडधड टायमरपेक्षा मोठी ऐकू येत होती. एक मिनिट गेलं असेल नसेल.

टक्. फरशी.

टेबलाला धक्का लागला. खण थरथरला. मग आवाज पुन्हा दाराकडून आला. बसका, घशात अडकलेला.

"येते हं."

मी सगळा जीव गोळा करून ओरडलो. "येऊ नकोस! पुन्हा या घरात पाऊल टाकायचं नाही! इथे तुझं कुणी नाही, समजलं? चालती हो!"

श्वास घेतल्यासारखं काहीतरी झालं. मग फरशी वाजली. जाताना वाजली, पहिल्यांदाच. मला इतकं हायसं वाटलं की मी खुर्चीत बसल्या बसल्या हसलो. इतके दिवस दोन शब्द बोलायचे राहिले होते, बाकी काही नाही. आता बायको आली की तिला सगळं सांगू, तिची माफी मागू, संध्याकाळी दोघं फिरायला जाऊ.

मग लॅच बसल्याचा आवाज आला.

त्याला कधी लॅच लागत नव्हतं. उघडल्याचा आवाज छातीच्या धडधडीत हरवला असणार.

मी टायमरची वाट न बघता उठलो. दुधाळ दिसत होतं तरी टेबल दिसत होतं. थेंब घालून घेताना मी राखाडी कोटाची पिशवी टेबलावर बघितली होती. रागाच्या भरात बायको पिशवी विसरून गेली होती, एवढंच झालं होतं. आता टेबलावर पिशवी नव्हती. पिशवी न्यायला परत आली होती, आणि एकतीस वर्षांची जीभ, भांडण झालं तरी, काहीही न बोलता उंबरा ओलांडायला तयार झाली नव्हती.

त्या दिवशी "येते" मला एकदाच ऐकू आलं होतं.

७

मी रस्त्यावर धावत गेलो, गाड्यांचे भोंगे ऐकत, माणसांना धडकत. समोर नुसते डाग हलत होते. लाँड्रीवाला कपडे मोजत होता.

"वहिनी आत्ताच गेल्या," तो म्हणाला. "कोट देऊन गेल्या. जाते म्हणाल्या. मी म्हटलं, वहिनी, असं म्हणू नये, येते म्हणावं. तर म्हणाल्या, यायचं नाही असं सांगितलंय."

"कुणीकडे गेली?"

त्याने हात केला तिकडे सरळ रस्ता होता आणि त्या पलीकडे बसथांबा. तिथे मला कुणीच ओळखीचं दिसलं नाही, आणि दिसलं असतं तरी त्या डोळ्यांनी मला ओळखू आलं नसतं.

ती बहिणीकडे गेली नाही. कुणाकडेच गेली नाही. पोलिसांत तक्रार दिली. तिथल्या हवालदाराने कपडे विचारले तेव्हा मी निळं स्वेटर सांगितलं. काही ओळखण्यासारखी खूण? मी सांगितलं, उजव्या कोपरावर रफू आहे. दिसतं का ते, त्याने विचारलं. नाही म्हणालो, दिसत नाही. त्याने लिहिलं नाही.

चौथ्या दिवशी मेहुणी आली. दुकानातल्या खुर्चीवर बसून खूप रडली. मग पदराने डोळे पुसून माझ्याकडे बघत राहिली.

"भावजी, माझी बहीण चार दिवस घरी नाही," ती म्हणाली, "आणि तुमच्या डोळ्यांतून एक टिपूस नाही?"

मी तिला काय सांगणार? डॉक्टरीणबाईंकडून लिहून आणू? मला रडू येतं. छाती फुटेल असं येतं. तोंड वाकडं होतं, हुंदके येतात, आणि डोळे मात्र कोरड्या दगडासारखे आग ओकत राहतात. अशा कोरड्या चेहऱ्याने मी तिला सांगितलं की आमच्यात काहीही झालं नव्हतं. शेवटचं मी काय बोललो ते मी हवालदारालाही सांगितलं नाही. इथे पहिल्यांदा लिहितो आहे.

मेहुणी उठली आणि निघून गेली.

८

आज अकरावा दिवस. थेंब घालायला कुणी नाही. मी प्रयत्न करतो आणि बाटली रिकामी होते. सुईत धागा ओवता येत नाही. सकाळी डावी पापणी उघडताना काहीतरी सोलल्यासारखं झालं आणि तेव्हापासून त्या बाजूने सगळं फाटलेलं दिसतं.

अकरा वाजता मी खुर्चीत बसतो. दार उघडं ठेवतो. फरशी वाजत नाही, खण थरथरत नाही, स्टूल कुरकुरत नाही. घर इतकं गप्प मी कधी ऐकलेलं नाही. मी खुर्चीतून ओरडून सांगितलं होतं की येऊ नकोस, आणि दोघींनीही माझं ऐकलं.

ते परत घेता येतं की नाही, मला माहीत नाही. घेण्यासाठी माझ्याकडे एकच शब्द आहे. तो तिला ऐकू जाणार नाही, इतकं मला समजतं. ती कुठे आहे, आहे की नाही, हेच माहीत नाही. तो शब्द कुणाला ऐकू जाईल तेही समजतं. सकाळपासून मी तो तोंडात धरून बसलो होतो. पण मला ती हवी आहे. तिचा आवाज हवा आहे, कोरडा तर कोरडा. थेंब घालताना कपाळावर टेकलेला हात हवा आहे, आणि तो कुणाचा आहे ते मी विचारणार नाही.

उघड्या दाराकडे तोंड करून मी म्हणालो, "ये."

रस्त्यावरून एक सायकल गेली. उंबऱ्यावर ऊन होतं. दारात कुणी आलं नाही.

मग माझ्या मागून, आतल्या खोलीतून, कामात असलेल्या माणसाने द्यावी तशी ओ आली.

"आले."